एकोणीस एकांचा खटला

हैदराबादेत हिमायतनगरच्या एका गल्लीत चष्म्याची तीन दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या मधल्या दुकानाच्या डोक्यावर मराठी वाचनालय आहे. जिना अरुंद, कठडा डगमगता, आणि वर पोचलं की आधी भेटतो तो जुन्या दिवाळी अंकांचा वास. रविवारी सकाळी तिथे बैठक भरते. बैठक म्हणायचं ते सवयीने. एके काळी आठ-दहा माणसं जमत. मग कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी कायमचं गेलं, आणि शेवटी दोघंच उरले: गणिताचे निवृत्त मास्तर नामदेवराव बिरादार आणि निवृत्त वकील एकनाथराव सोळुंके.

बैठकीचा नियम मात्र आठ-दहा जणांच्या काळातलाच राहिला होता. ज्याने विधान करायचं त्याने ते सिद्ध करायचं. ऐकणाऱ्याने आक्षेप घ्यायचे. पटलं की मोठ्याने ‘मान्य’ म्हणायचं, आणि ‘मान्य’ झाल्याशिवाय वाचनालय सांभाळणाऱ्या भामाबाईंनी चहा आणायचा नाही. गोलकोंड्याच्या दरवाज्यातली टाळी वर किल्ल्यावर कशी ऐकू जाते यावर त्या खोलीत तीन रविवार गेले होते. आपलं आंबट वरण आणि इथला तेलुगू डाळीचा पप्पू यांत फरक काय, या प्रश्नावर एक गृहस्थ रागावून जे गेले ते परत आलेच नाहीत.

एकनाथराव मूळचे भालकीकडचे. हयात हैदराबादच्या कोर्टांत गेलेली, त्यामुळे मराठी बोलतानाही त्यांच्या तोंडी गवाह, फैसला, मामला असे शब्द सहज येत. ‘कशावरून?’ हा एकच शब्द ते असा टाकत, की समोरच्याला आपलं नाव सांगतानाही पुरावा जोडावा वाटे. नामदेवरावांची गोष्ट उलटी. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बहुतेक’ने सुरू व्हायचं. बहुतेक पाऊस येईल, बहुतेक दोन आणि दोन चार होतील. चाळीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं ते पुस्तकात होतं म्हणून. एखाद्या पोराने ‘सर, असं का?’ विचारलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. उत्तर येत असे, पण ते आपलं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

अशा माणसाने फार वर्षांपूर्वी एका रविवारी, कोण जाणे कसं, एक विधान ‘बहुतेक’ न लावता केलं होतं.

“एकापुढे एक असे एकोणीस वेळा एकच लिहिले, की जी संख्या होते ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही.”

एकं-दहं-शतं करत आपली मोजणी ज्या परार्धावर संपते, त्याच्याही पुढच्या घरात जाणारी ती संख्या. अकरा परार्ध आणि वर आणखी कितीतरी. एवढी अवाढव्य वस्तू, आणि तिला कुठेही चीर नाही!

“कशावरून?” एकनाथराव म्हणाले.

“एकोणीस हीच मूळ संख्या आहे ना, म्हणून. बघा, सहा एक लिहिले असते तर दोन-दोनांचे गट पडले असते. अकरा, अकरा, अकरा. म्हणजे अकराने भाग गेला असता. एकोणिसाचे असे गटच पडत नाहीत.”

“हौ. मग तीन एक लिहा मास्तर. तिनाचेही गट पडत नाहीत. किती झाले? एकशे अकरा. आणि सदतीस त्रिक?”

सदतीस त्रिक एकशे अकरा. गणिताच्या मास्तराला वकिलाने पाढ्यात पकडलं होतं. सगळे हसले, नामदेवरावही हसले, आणि त्यांचे कान संध्याकाळपर्यंत गरम राहिले. गट पडत असतील तर संख्या फुटते हे खरं. पण गट पडत नाहीत म्हणून ती फुटत नाही असं कुठे आहे? पुढच्या रविवारी ते म्हणाले, पुस्तकात दिलंय. एकनाथराव म्हणाले, पुस्तकाला साक्षीला बोलवा, मी उलटतपासणी घेतो. तेव्हापासून तो मामला तसाच पडून होता. अधूनमधून निघायचा, पुन्हा मिटायचा. अशा दिवशी चहा अडायला नको म्हणून एकनाथराव गंभीर चेहऱ्याने म्हणत, “आज रविवार आहे.” नामदेवराव म्हणत, “मान्य.” आणि भामाबाई किटली घेऊन येत.

यंदाच्या मे महिन्यात एकनाथराव जिना चढून आले ते भामाबाईंचा हात धरून. काचबिंदूने त्यांची नजर वर्षभरात जवळजवळ गेलीच होती. खुर्चीत बसून त्यांनी आधी धाप टाकली, आणि मग एखादी तारीख जाहीर करावी तसं सांगितलं, “चारुलता येऊ लागली. महिनाअखेरीला मला पुण्याला नेणार.”

“किती दिवस?” नामदेवरावांनी विचारलं.

“अजी, दिवस कशाचे? घर विकायला काढलंय. लेकीकडे आता कायमचंच.” मग जरा थांबून, “तुमचा एक मामला पडून आहे मास्तर. जाण्याच्या आधी काय तो पुरावा हजर करा. नाहीतर खारीज.”

नामदेवराव ‘बरं’ म्हणाले. आणखी काही बोलावंसं त्यांना वाटत होतं, पण ते त्यांच्या तोंडून निघणाऱ्यातलं नव्हतं. नल्लकुंट्याच्या घरी येईपर्यंत रिक्षात त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. आयुष्यभरात त्यांना ‘कशावरून’ असं मनापासून विचारणारा हा एकच माणूस. बाकीच्यांनी एकतर मान डोलवली होती किंवा पाठ करून पेपर दिला होता. तो माणूस जायच्या आत त्याच्या तोंडून त्या एका विधानाला ‘मान्य’ मिळालं नाही, तर ते पुन्हा कुणाकडून मिळणार? आणि आता त्याला फळा दिसणार नव्हता. जे सांगायचं ते तोंडी सांगायला हवं होतं.

शनिवारी सून आली. गौरी पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. ती आणि मुलगा किशोर कुकटपल्लीला राहतात. शनिवारी ती सासऱ्यांसाठी भाजी निवडून, डबे भरून ठेवून जाते. नामदेवरावांनी चाचरत विषय काढला. तिने लॅपटॉप उघडला, एकोणीस वेळा एकचं बटण दाबलं आणि त्यांनी चष्मा पुसेपर्यंत स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

“आहे. मूळ आहे. झालं की हो बाबा!”

“झालं,” नामदेवराव म्हणाले. त्यांना एकदम रिकामं वाटलं. “पण कशावरून?”

“कशावरून म्हणजे? ट्रू आलंय.”

“वकीलसाहेब म्हणतील, ही ऐकीव साक्ष आहे. यंत्राने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी मला सांगितलं.”

गौरी हसली. “तुमच्या वकीलसाहेबांना आमच्या कंपनीत टेस्टिंगला घ्यायला पाहिजे.”

ती गेल्यावर नामदेवरावांनी डब्यातले चिंचोके काढले. जुनी सवय, वर्गात गट दाखवायला ते चिंचोके नेत. एकोणीस मोजून टेबलावर मांडले. दोनांच्या रांगा लावल्या, एक उरला. तिनांच्या लावल्या, एक उरला. सहांच्या, नऊंच्या, दर वेळी एक उरायचाच. हे तर तिसरीतल्या पोरालाही कळतं, असं मनाशी म्हणत त्यांनी हात आखडता घेतला, तेव्हा बाहीच्या धक्क्याने एक चिंचोका घरंगळून कपाटाखाली गेला. वाकणं आता जमत नव्हतं. ते उरलेल्या चिंचोक्यांकडे बघत बसले. अठरा. दोनांच्या रांगा, तिनांच्या, सहांच्या, नऊंच्या. काहीही मांडा, बरोबर बसत होतं.

एक काढला की बाकी सगळं सुटं होतं.

आणि उस्मानियातल्या एमएस्सीच्या वर्गात कधीतरी ऐकलेलं, उत्तरपत्रिकेत लिहिलेलं आणि पुढे कधीच न लागलेलं एक प्रमेय पन्नास वर्षांनी त्यांच्या समोर येऊन उभं राहिलं. संख्या फुटत नाही हे दाखवायला तिलाच फोडत बसायचं नाही. तिच्याहून एकाने कमी असलेली शेजारची संख्या फोडायची. ती जर पुरती फुटली, तर तिचे तुकडेच पहिलीच्या अखंडपणाची साक्ष देतात.

पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घरात होताच. वर्तमानपत्रातून रोज पडणारी शिकवणी कॉलेजांची गुळगुळीत पत्रकं; एका बाजूला पहिल्या-दुसऱ्या रँकच्या पोरापोरींचे हसरे फोटो, दुसरी बाजू कोरी. नामदेवरावांनी कोऱ्या बाजूवर लिहिलं: एकोणीस एकांतून एक वजा, म्हणजे अठरा एक आणि शेवटी शून्य. ती संख्या आज्ञाधारकपणे फुटत गेली. दोन, पाच, दोनदा तीन, सात, अकरा, तेरा, एकोणीस, सदतीस. आणि शेवटी दोन मोठे तुकडे उरले: बावन्न हजार पाचशे एकोणऐंशी, आणि तीन लाख तेहतीस हजार सहाशे सदुसष्ट. ते दोन्ही आणखी फुटत नव्हते. छोट्या छोट्या मूळ संख्यांनी एकेक भागून त्यांनी खात्री केली. हे दोघे पुरेसे होते. हे दोन गवाह.

पण गवाहांची जबानी घ्यायची म्हणजे दांडगा हिशेब होता. दोन हा आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा वर्ग, असं करत त्याचा त्या एकाने कमी असलेल्या प्रचंड संख्येएवढा घात काढायचा, आणि शेवटी एकोणीस एकांनी भागून बाकी काय उरते ते बघायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एक यायलाच हवी. सुदैवाने या संख्येचा स्वभाव गोड होता. तिची नवपट म्हणजे एकोणीस नऊ; त्यामुळे विसावं घर पुन्हा पहिल्या घरासारखंच मोजता येत होतं. गुणाकार कितीही लांबला तरी एकोणीस घरांपुढचे आकडे कापायचे, धोतराची घडी घालावी तसे मागे आणायचे आणि मिळवायचे. तरी एकेका गुणाकाराला तास जायचा. नामदेवराव प्रत्येक ओळ तीन-तीनदा तपासत. शाळेत शिकवायचे तोच नवाचा ताळा: आकड्यांची बेरीज, तिची बेरीज, जुळलं की पुढे. बंगनपल्ली आंबे डब्यात पिकून मऊ झाले, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. रविवारी ते वाचनालयात जात, एकनाथराव ‘काय मास्तर, गवाह मिळाले?’ विचारत, आणि ते म्हणत, “बहुतेक.”

शेवटचा गुणाकार संपला तेव्हा बाकी एक आली नाही.

एकोणीस घरांचा भलताच आकडा समोर होता. नामदेवरावांनी पेन खाली ठेवलं. हा आकडा खरा असेल तर एकोणीस एक फुटत होते. पुस्तक चूक, गौरीचं यंत्र चूक, आणि वकीलसाहेब इतकी वर्षं बरोबर. अर्थात तसं नव्हतं. चूक कुठे होती हे त्यांना ठाऊक होतं: या खुर्चीत. दुसरीकडे कुठे ती असायला जागाच नव्हती. ज्याला आयुष्यात फोनवर ‘हॅलो’ म्हणतानाही आधी पाणी प्यावं लागतं, त्याने परार्धाच्या पुढे पाऊल टाकायला जायचंच कशाला?

शनिवारी गौरी आली तेव्हा पत्रकांचा गठ्ठा सुतळीने बांधून रद्दीच्या टोपलीत होता.

“हे काय बाबा?”

“राहू दे. जमलं नाही. उद्याच्या एका रविवारचा तर प्रश्न आहे. परवा ते जातील.”

गौरीने गठ्ठा उचलून सुतळी सोडली. एका बाजूला रँकवाल्या पोरांचे दात, दुसऱ्या बाजूला मुंगीच्या पायांसारखे आकडे. “अहो, हे सगळं हाताने केलंत तुम्ही?” ती जमिनीवरच बसली. “मी चालवून सांगू कुठली ओळ चुकली ते? दोन मिनिटं लागतील.”

“नको,” नामदेवराव म्हणाले. इतक्या ठाम आवाजात, की दोघंही दचकली. मग ओशाळून ते म्हणाले, “म्हणजे… मग ते पुन्हा तुझ्या यंत्राचंच होईल.”

“बरं. मग तपासलंत कसं ते तरी सांगा.”

“ताळ्याने. नवाच्या. प्रत्येक ओळ तीनदा.”

“ताळा म्हणजे?” तिने समजून घेतलं. “म्हणजे आकड्यांची बेरीजच ना? मग आकडे तेच राहिले आणि जागा बदलली तर ह्या ताळ्याला काय कळणार? आमच्याकडे होतं असं. चेकसम, म्हणजे आमचा ताळा, बरोबर आणि आतला डेटा पार हललेला.”

हे नामदेवराव स्वतः वर्गात सांगत आले होते. पोरांनो, आकड्यांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही, तिथे अकराचा ताळा घ्यायचा. आणि स्वतःच्या कागदावर? जिथे दर ओळीला घडी घालून आकडे मागे आणायचे, जिथे घर सरकण्याचीच सगळ्यात जास्त भीती, तिथे त्यांनी स्वतःवर तीनदा अविश्वास दाखवला होता, आणि तिन्ही वेळा एकाच आंधळ्या पहारेकऱ्याला विचारून!

“पेन दे,” ते म्हणाले.

गौरी एकाआड एक आकडे वाचत गेली, ते अकराचा ताळा घेत गेले. चूक सापडली ती शेवटून चौथ्या पत्रकावर, एका गोबऱ्या मुलीच्या फोटोच्या पाठीमागे. घडी एक घर डावीकडे पडली होती. तिथून पुढचं सगळं पुन्हा करायचं होतं. गौरीने किशोरला फोन करून सांगितलं की आज जेवायला वाट बघू नकोस. आणि एकही आकडा स्वतः न गुणता ती फक्त वाचत आणि ताळे बोलत राहिली. ऊन उतरायला लागलं तेव्हा नामदेवरावांनी शेवटची घडी घातली, एकोणीस एक जितक्या वेळा निघाले तितक्या वेळा काढून टाकले, आणि कागद तिच्याकडे सरकवला. स्वतः बघायचा धीर होत नव्हता.

“बाबा,” गौरी म्हणाली, “एक.”

रविवारी वाचनालयात एकनाथराव आधीच येऊन बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, जणू शेवटची तारीख. नामदेवरावांनी त्यांच्या हातात चिंचोके दिले.

“एकोणीस आहेत. मोजा.”

“मोजले. गवाह कोण?”

“त्यातला एक मला द्या. आता उरलेल्यांच्या रांगा लावा.”

एकनाथरावांची बोटं टेबलावर फिरली. तिनांच्या रांगा लागल्या, मग सहांच्या. “हे अठरा तर कसेही बसतात.”

“तसंच आपल्या संख्येचं. तिच्यातून एक काढला की उरलेली पार फुटते. त्यातले दोन मोठे तुकडे माझे साक्षीदार. एक बावन्न हजार पाचशे एकोणऐंशी. दुसरा तीन लाख तेहतीस हजार सहाशे सदुसष्ट.”

“गवाह स्वतः भरवशाचे आहेत कशावरून? तेच फुटके निघाले तर?”

“पहिल्याला दोनशे एकोणतीसपर्यंतच्या, दुसऱ्याला पाचशे सत्त्याहत्तरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं. कशानेच भाग जात नाही. त्याच्या पुढे बघावं लागत नाही.”

“पुढे.”

“समजा आपली संख्या फुटली. मग तिचा एक तरी मूळ तुकडा एकशे सहा कोटींच्या आतला हवा. सगळेच त्याहून मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पलीकडे गेला असता.”

एकनाथरावांनी डोळे मिटून विचार केला. “एवढं कबूल.”

“आता साक्षीदार काय सांगतात बघा. मी प्रत्येकाला धरून हिशेब केला, बाकी एक आली. त्याला वगळून केला, बाकी एक आली नाही. आणि जी आली तिच्यातून एक वजा केल्यावर तिचा आणि आपल्या संख्येचा एकही सामाईक तुकडा नव्हता. त्याचा अर्थ असा निघतो, की संख्येचा कुठलाही मूळ तुकडा आणा, त्यातून एक काढा, उरलेल्याला हे दोघंही साक्षीदार पूर्ण भाग देतात. दोघांचा गुणाकार सतराशे चोपन्न कोटींच्या वर जातो. म्हणजे तुकडा निदान तेवढा तरी हवाच.”

“थांबा थांबा. एकशे सहा कोटींच्या आतला तुकडा, आणि तोच सतराशे चोपन्न कोटींच्या वरचा?”

“हो.”

“असा तुकडा असेल कसा?”

“तेच म्हणतोय मी. नाहीच.”

भामाबाई किटली घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या. “चाय ठंडी होऊ लागली की हो अप्पा,” त्या म्हणाल्या. एकनाथरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“शेवटचा सवाल. हा हिशेब तुम्ही हाताने केलात. तुमच्या हातून चूक झाली नसेल कशावरून? तुम्ही तर दोन आणि दोन पण बहुतेक चार म्हणता.”

हा प्रश्न येणार हे नामदेवरावांना ठाऊक होतं. आयुष्यभर तो त्यांनी स्वतःलाच विचारला होता. पण आज त्याचं उत्तर होतं, आणि ते त्यांना रिक्षात, नारायणगुड्याच्या सिग्नलला सापडलं होतं.

“चूक झाली असती तर एक आला नसता,” ते म्हणाले. “झाली होती पहिल्यांदा. तेव्हा एकोणीस घरांचा भलताच आकडा आला. चुकायला अकरा परार्ध जागा आहेत वकीलसाहेब, आणि एक यायला एकच. चुकून एक येत नाही. माझ्यावर नका विश्वास ठेवू. त्या एकावर ठेवा.”

खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ओढलं. एकनाथरावांनी टेबल चाचपून चिंचोके एकेक करून गोळा केले, खिशात टाकले, काठी घेतली आणि ते उभे राहिले.

“फैसला महफूज.”

“म्हणजे?” भामाबाईंनी विचारलं.

“म्हणजे निकाल राखून ठेवलाय. पुढच्या रविवारी, याच वेळी. पक्षकाराने स्वतः फोन करायचा. माझ्याकडून फोन येणार नाही. गैरहजर राहिलात मास्तर, तर खटला खारीज.”

“आणि चाय?”

“आज रविवार आहे,” एकनाथराव म्हणाले.

“मान्य,” नामदेवराव म्हणाले.

तो आठवडा त्यांना वाईट गेला. कुठे कमी पडलं? सामाईक तुकड्याचा मुद्दा नीट समजावला नाही का? मधल्या एका रात्री तर त्यांना वाटलं, आपण एकशे सहाऐवजी एकशे साठच म्हणालो. गौरी आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि भेंडी चिरता चिरता नुसतंच म्हणाली, “फोन चार्ज करून ठेवते हं बाबा.”

रविवारी ते वाचनालयात वेळेआधीच पोचले. समोरची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. त्यांनी ती ओढून पुन्हा टेबलाशी आणली. भामाबाईंनी न मागता पाण्याचा पेला ठेवला. नामदेवराव पाणी प्यायले, त्यांनी नंबर लावला, कापला, पुन्हा लावला.

“कोण हजर आहे?” पलीकडून आवाज आला.

“मी.”

“मी म्हणजे कोण? कोर्टात जोरात बोलायचं असतं.”

“नामदेवराव बिरादार,” ते म्हणाले, एवढ्या मोठ्याने की भामाबाई दारातून आत डोकावल्या.

“हं. ऐका तर. दोन्ही गवाहांची जबानी कोर्टाने आठवडाभर तपासली. चिंचोके मांडून तपासली. लेक म्हणते, या वयात काय खेळ मांडलाय. सदर संख्येला फोडण्याचा कोणताही मार्ग कोर्टाला आढळला नाही.” थोडी खरखर झाली. मग आवाज आला तो वकिलाचा नव्हता, नुसता एका म्हाताऱ्याचा होता. “मान्य, मास्तर.”

नामदेवरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चाय आली का?”

“येतेय. तुमच्याकडे?”

“इथे सात वाजताच होऊन जाते. बिनसाखरेची. पण काही नाही, मी आणखी एक मागवली.” पुन्हा खरखर. फोन ठेवायची वेळ आली होती, हे दोघांना कळत होतं. भामाबाई कपात चहा ओतू लागल्या. समोर टेबलावर, खुर्चीच्या बाजूला, कपाटाखालून काढलेला तो चिंचोका पडला होता. काल नामदेवरावांनी मुद्दाम गौरीला वाकायला लावून तो काढून घेतला होता, आज बरोबर आणला होता आणि का आणला हे त्यांना अजून नीटसं सांगता आलं नसतं. त्यांनी तो बोटाने टेबलाच्या मधोमध ढकलला.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “तेवीस वेळा एक लिहिले तरी मूळ संख्याच होते.”

पलीकडे खुर्ची सरकवून नीट बसल्याचा आवाज आला.

“कशावरून?”